विश्लेषण : ८३ सामने, ३,६६७ गुण… अर्धशतक उलटूनही पुरुषांमध्ये अबाधित विक्रम करणारा 'पिस्टल पीट' कोण होता?

३ मार्च २०२४. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने ओहायो स्टेटविरुद्ध फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकला आणि अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधला एक जुना आकडा मागे पडला. एनसीएएच्या प्रथम श्रेणीत पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत मिळून सर्वाधिक गुण आता तिच्या नावावर आहेत. त्या दिवशीच्या जवळपास प्रत्येक बातमीत तिच्या शेजारी आणखी एक नाव होतं, पीट मॅराविच. तिने ज्याला मागे टाकलं तो खेळाडू हे पाहायला हयात नव्हता. त्याला जाऊन तेव्हा ३६ वर्षं झाली होती.

पुरुषांच्या यादीत मात्र मॅराविच आजही पहिलाच आहे. तीन हंगाम, ८३ सामने, ३,६६७ गुण. सरासरी प्रत्येक सामन्यात ४४.२. क्रिकेटमध्ये ९९.९४ म्हटलं की पुढे नाव सांगावं लागत नाही, तसाच अमेरिकेत बास्केटबॉल पाहणाऱ्यांसाठी हा आकडा आहे. पण हा खेळाडू नेमका कोण होता? एवढे गुण करूनही त्याच्या हाती विजेतेपद का आलं नाही? आणि वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी त्याचा मृत्यू कशामुळे झाला?

सुरुवात कुठे झाली?

पीटची गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. पेनसिल्व्हेनियातलं अ‍ॅलिक्विपा हे पिट्सबर्गजवळचं पोलाद कारखान्यांचं गाव. युरोपातून आलेली असंख्य स्थलांतरित कुटुंबं इथल्या भट्ट्यांवर राबत होती. पीटचे वडील पेटार मॅराविच अशाच एका सर्बियन कुटुंबातले. सगळे त्यांना 'प्रेस' म्हणत. कारखान्याच्या बाहेर पडण्याचा रस्ता त्यांना बास्केटबॉलने दाखवला. महाविद्यालयात ते उत्तम खेळले, दुसऱ्या महायुद्धात नौदलात वैमानिक होते आणि युद्ध संपल्यावर व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उतरले.

१९४६ मध्ये अमेरिकेत एक नवी व्यावसायिक साखळी सुरू झाली. हीच पुढे एनबीए म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्याच हंगामात प्रेस 'पिट्सबर्ग आयर्नमेन' या संघाकडून खेळले. पण संघ कमकुवत होता आणि एका हंगामातच तो बंद पडला. प्रेस यांची व्यावसायिक कारकीर्दही तिथेच आटोपली. ते प्रशिक्षक झाले.

आयर्नमेन बंद पडला ते साल १९४७. त्याच वर्षी २२ जूनला पीटचा जन्म झाला. वडिलांचं अपुरं राहिलेलं स्वप्न आता मुलाच्या वाट्याला येणार होतं. स्वप्नाचे दोन भाग होते. पहिला, मुलाने व्यावसायिक बास्केटबॉल खेळून मोठं नाव आणि पैसा कमवायचा. दुसरा, विजेत्या संघातल्या खेळाडूंना मिळणारी अंगठी बोटात घालायची. ही अंगठी लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा येते.

वडिलांचा 'होमवर्क' काय होता?

प्रेस यांनी मुलासाठी सरावाचे स्वतःचे प्रकार तयार केले. पुढे ते 'होमवर्क बास्केटबॉल' या नावाने ओळखले गेले. चेंडू कमरेभोवती, मानेभोवती, पायांमधून वेगाने फिरवायचा. दोन बोटांत पकडायचा. बोटावर गरगर फिरवत ठेवायचा. डोळ्यांवर पट्टी बांधून ड्रिबल करायचं, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा. गावात जायचं तर चालताना चेंडू आपटत, सायकलवर बसलं तरी चेंडू आपटत. सिनेमाला गेल्यावर कडेची खुर्ची पकडायची, म्हणजे पडद्यावर चित्रपट आणि मधल्या वाटेवर चेंडू असं दोन्ही चालू राहतं. रात्री अंथरुणातही चेंडू सोबत असे.

यातला सगळ्यात गाजलेला प्रकार मोटारीचा. प्रेस गाडी चालवत आणि शेजारच्या बाजूने पीट बाहेर झुकून रस्त्यावर चेंडू आपटत असे. वडील मध्येच वेग वाढवत, मध्येच कमी करत. हा वेडेपणा वाटेल, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. चेंडू रस्त्यावर आपटला की घर्षण त्याला मागे ओढतं, त्यामुळे तो हातात परत यायला हवा असेल तर थोडा पुढे टाकावा लागतो. किती पुढे, हे गाडीच्या वेगावर अवलंबून. वेग सतत बदलत राहिला तर हा हिशेब डोक्याने करायला वेळच मिळत नाही, तो हातालाच करावा लागतो. प्रेस यांना नेमकं हेच हवं होतं.

परिणाम काही वर्षांत दिसला. प्रेस दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेम्सन विद्यापीठात प्रशिक्षक असताना शाळकरी पीट आपल्यापेक्षा मोठ्या मुलांबरोबर खेळू लागला. अंगाने काटकुळा, चेंडू खांद्यापर्यंत नेऊन फेकण्याइतकी ताकद नाही, म्हणून तो कमरेजवळूनच फेकायचा. पाहणाऱ्यांना कमरेचं पिस्तूल उपसल्यासारखं वाटे. तिथूनच त्याला 'पिस्टल' हे नाव चिकटलं ते कायमचं.

वडील प्रशिक्षक, मुलगा खेळाडू : एलएसयूमध्ये काय घडलं?

१९६५ मध्ये प्रेस यांनी नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या संघाला अटलांटिक कोस्ट विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. अशा यशस्वी जागेवरून उठून ते १९६६ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजेच एलएसयूमध्ये गेले. तिथे अमेरिकन फुटबॉलचा बोलबाला होता. बास्केटबॉलचे सामने ज्या इमारतीत होत, तिथे एरवी जनावरांची प्रदर्शनं भरत. लोक तिला 'काऊ पॅलेस' म्हणत.

पीटला खरं तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात जायचं होतं. वडिलांनी ते होऊ दिलं नाही. जिथे बाप प्रशिक्षक, तिथेच मुलगा खेळणार, हे त्यांच्या लेखी पक्कं होतं.

त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे पीट पहिलं वर्ष नवोदितांच्या संघात होता. तिथे त्याची सरासरी होती ४३.६. नवोदितांचा सामना मुख्य सामन्याच्या आधी होई. तो पाहायला गर्दी लोटे आणि तो संपला की त्यातले बरेचसे लोक घरी जात. त्या हंगामात मुख्य संघाने फक्त ३ सामने जिंकले आणि २३ गमावले.

१९६७ च्या अखेरीस पीट मुख्य संघात आला. पुढच्या तीन हंगामांत त्याची सरासरी अनुक्रमे ४३.८, ४४.२ आणि ४४.५ अशी राहिली. तब्बल २८ सामन्यांत त्याने ५० किंवा त्याहून अधिक गुण केले. डोळ्यांवर आलेले केस, घोट्यावर घसरलेले राखाडी मोजे, पाठीमागून दिलेला पास, पायांमधून दिलेला पास, एकीकडे पाहत दुसरीकडेच टाकलेला चेंडू. लोक केवळ त्याला पाहायला येऊ लागले. त्याचे पास इतके अनपेक्षित असत की कधी कधी ते सहकाऱ्याच्या हातात पडण्याऐवजी त्याच्या तोंडावरच आदळत.

३१ जानेवारी १९७० ला त्याने ऑस्कर रॉबर्टसनचा २,९७३ गुणांचा विक्रम मागे टाकला. आठवडाभराने, ७ फेब्रुवारीला, अलाबामाविरुद्ध एकट्याने ६९ गुण केले. तो सामना एलएसयू १०६-१०४ असा हरली.

४४.२ हा आकडा खरंच एवढा मोठा आहे का?

कोणताही विक्रम पाहताना त्यामागची परिस्थिती पाहावी लागते. मॅराविचच्या बाबतीत ती दोन्ही बाजूंनी पाहायला हवी.

आधी त्याच्या बाजूचे मुद्दे. एक, तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. बास्केट किती का लांबून केला, गुण दोनच. महाविद्यालयीन स्पर्धांत ही रेषा देशभर लागू झाली ती १९८६ मध्ये. दोन, तेव्हा ठरावीक सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकण्याची सक्ती नव्हती. प्रतिस्पर्धी संघ हवा तेवढा वेळ चेंडू आपल्याकडे दडवून ठेवू शकत होता. तीन, त्याला तीनच हंगाम मिळाले.

तुलना करायची तर २०२३ मधलं उदाहरण घेता येईल. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटोइन डेव्हिस ३,६६४ गुणांवर थांबला. मॅराविचची बरोबरी करायला त्याला फक्त तीन गुण कमी पडले. पण करोनामुळे मिळालेलं एक जादा वर्ष धरून डेव्हिस पाच हंगाम आणि १४४ सामने खेळला होता आणि तीन गुणांची रेषा त्याच्या दिमतीला होती. त्याची सरासरी निघते २५.४. योगायोग म्हणजे त्याचेही प्रशिक्षक त्याचे वडीलच होते. क्लार्कने चार हंगामांत १३९ सामने खेळून ३,९५१ गुण केले, सरासरी २८.४. तिचं मोठेपण यामुळे कमी होत नाही, फक्त दोन आकडे वेगवेगळ्या खेळातून आलेत हे कळतं.

आता दुसरी बाजू. मॅराविचने तीन हंगामांत ३,१६६ वेळा बास्केटकडे चेंडू फेकला. त्यातले १,३८७ प्रयत्न यशस्वी ठरले. त्याशिवाय फ्री थ्रोचे ८९३ गुण. बेरीज बरोबर ३,६६७. म्हणजे प्रत्येक सामन्यात सरासरी ३८ प्रयत्न. महाविद्यालयीन सामना असतो ४० मिनिटांचा. याचा अर्थ जवळजवळ दर मिनिटाला तो एकदा चेंडू फेकत होता. असं स्वातंत्र्य कोणता प्रशिक्षक देईल? एलएसयूच्या प्रशिक्षकाने दिलं, कारण खेळाडू त्यांचा मुलगा होता आणि संघाची सगळी रचनाच त्याच्याभोवती केलेली होती. अर्थात प्रत्येक सामन्यात पाचहून अधिक बास्केट त्याच्या पासवर सहकाऱ्यांनीही केले, हेही नोंदवायला हवं.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा सांगितली जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतली विद्यापीठं तेव्हा वर्णभेदाच्या सावलीतून नुकती बाहेर पडत होती. एलएसयू ज्या विभागात खेळत असे, तिथले जवळपास सगळे संघ पूर्णपणे गोऱ्या खेळाडूंचे होते. व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस हा तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. एलएसयूच्या मुख्य बास्केटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९७१ मध्ये, म्हणजे पीट तिथून बाहेर पडल्यावर. त्याच्या विक्रमाच्या काळात देशातल्या अनेक उत्तम खेळाडूंना त्याच्यासमोर उभं राहण्याची संधीच नव्हती.

तीन गुणांची रेषा असती तर त्याची सरासरी ५७ झाली असती, असा एक हिशेब नेहमी सांगितला जातो. एलएसयूचे नंतरचे प्रशिक्षक डेल ब्राऊन यांनी तो मांडला. त्यानुसार पीट सामन्यामागे तीन गुणांचे १३ बास्केट करत होता. पण त्याचे एकूण बास्केटच सामन्यामागे १६.७ होते. म्हणजे दर पाचपैकी जवळपास चार बास्केट लांबून केलेले असायला हवेत. तो कडेने आत घुसूनही भरपूर गुण करायचा, हे पाहता हा आकडा थोडा सैल हातानेच घ्यावा. ४४.२ ला वाढीव गुणांची गरजही नाही.

संघाचं काय? तीन हंगामांत एलएसयूने ४९ सामने जिंकले, ३५ गमावले. १९७० मध्ये संघ न्यूयॉर्कच्या एनआयटी स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवणाऱ्या एनसीएए स्पर्धेत मात्र तो कधीच पोहोचला नाही. पीट गेल्यावर दोन वर्षांत प्रेस यांना एलएसयूने काढून टाकलं.

अ‍ॅटलांटात सहकारी नाराज का झाले?

१९७० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवड प्रक्रियेत, अ‍ॅटलांटा हॉक्सने मॅराविचला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. करार सुमारे १९ लाख डॉलरचा. त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. वडिलांच्या स्वप्नाचा पहिला भाग पूर्ण झाला.

पण संघात वातावरण तापलं. आदल्या वर्षी हॉक्सने ४८ सामने जिंकून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. तो संघ मुख्यतः अनुभवी कृष्णवर्णीय खेळाडूंचा होता. ज्यांनी संघाला तिथवर नेलं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे एका नवख्या गोऱ्या मुलाला, तेही त्याने व्यावसायिक पातळीवर एकही सामना खेळण्याआधी मिळाले होते. जो कॉल्डवेलसारखा महत्त्वाचा खेळाडू पैशांच्या वादातून प्रतिस्पर्धी साखळीत निघून गेला. पीटचा करार त्याने स्वतः लिहिला नव्हता, पण त्याची किंमत रोज ड्रेसिंग रूममध्ये तोच मोजत होता.

पहिल्या हंगामात त्याने सामन्यामागे २३.२ गुण केले. नवख्या खेळाडूसाठी हे उत्तम होतं. संघाचे विजय मात्र ४८ वरून ३६ वर आले. १९७२-७३ मध्ये त्याने आणि लू हडसनने प्रत्येकी दोन हजारांहून अधिक गुण केले. हॉक्स सलग तीन वर्षं बाद फेरीत पोहोचले आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर पडले. १९७३-७४ मध्ये पीटची सरासरी २७.७ झाली आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने त्याला विकायचं ठरवलं.

न्यू ऑर्लिन्सचा तो ६८ गुणांचा सामना कोणता?

न्यू ऑर्लिन्समध्ये 'जॅझ' नावाचा नवा संघ उभा राहत होता. लुइझियानाचा लाडका खेळाडू आपल्याकडे असला की तिकिटं खपतील, हे उघड होतं. त्यासाठी जॅझने खेळाडू आणि पुढच्या वर्षांच्या निवडीचे अनेक हक्क हॉक्सना देऊन टाकले. त्यामुळे झालं असं की गर्दी खेचणारा खेळाडू तर मिळाला, पण त्याच्याभोवती संघ बांधायला हाताशी काहीच उरलं नाही. पहिल्या हंगामात जॅझने ८२ पैकी २३ सामने जिंकले.

हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, ऑक्टोबर १९७४ मध्ये, पीटची आई हेलन यांनी आत्महत्या केली. त्या अनेक वर्षं नैराश्य आणि दारूच्या व्यसनाशी झगडत होत्या. ज्या घरात सगळं बास्केटबॉलभोवती फिरत होतं, त्या घरात त्यांचं एकटेपण कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. पीट स्वतःही कॉलेजपासून दारू पीत होता. पुढच्या काळात ते वाढलं.

मैदानावर मात्र याच वर्षांत त्याचा सर्वोत्तम खेळ दिसला. १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं त्याची एनबीएच्या वर्षातल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या संघात निवड झाली. १९७६-७७ मध्ये ३१.१ च्या सरासरीने तो साखळीत सर्वाधिक गुण करणारा ठरला.

२५ फेब्रुवारी १९७७ ला न्यूयॉर्क निक्सविरुद्धचा सामना झाला. समोर वॉल्ट फ्रेझर होता, त्या काळातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक. मॅराविचने ४३ प्रयत्नांत २६ बास्केट केले, १९ पैकी १६ फ्री थ्रो टाकले. एकूण ६८ गुण. सामना संपायला थोडा अवधी असताना सहाव्या फाउलमुळे त्याला बाहेर बसावं लागलं, नाहीतर आकडा आणखी पुढे गेला असता. गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा आणि बहुधा लांबून खेळणारा खेळाडू. बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या तुलनेत त्याला गुण करणं अवघड. तोवर कोणत्याही गार्डने एनबीएच्या एका सामन्यात एवढे गुण केले नव्हते. एकूण खेळाडूंमध्येही त्याच्या पुढे फक्त दोघे होते, विल्ट चेंबरलेन आणि एल्जिन बेलर. यातले बेलर त्या रात्री जॅझचे प्रशिक्षक म्हणून बाकावर बसून हे सगळं पाहत होते. जॅझने हा सामना १२४-१०७ असा जिंकला.

वर्षभरातच घात झाला. ३१ जानेवारी १९७८ ला बफलोविरुद्धच्या सामन्यात त्याने हवेत उडी घेतली आणि पायांमधून लांबवर पास दिला. खाली येताना त्याचा उजवा गुडघा दुखावला. ज्या प्रकारच्या पाससाठी लोक तिकीट काढत, तसाच पास देताना हे झालं. त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. आणि न्यू ऑर्लिन्सच्या पाच हंगामांत जॅझला बाद फेरी एकदाही गाठता आली नाही.

अंगठी थोडक्यात कशी हुकली?

१९७९ मध्ये जॅझ संघ युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला हलला. तिथे पीट १७ सामने खेळला आणि मग त्याला सामन्यामागून सामने बाकावर बसवलं गेलं. जानेवारी १९८० मध्ये क्लबने त्याला मुक्त केलं.

बॉस्टन सेल्टिक्सने त्याला घेतलं. संघात लॅरी बर्ड नावाचा एक नवखा खेळाडू होता आणि संघ जोरात होता. पीट आता मुख्य खेळाडू नव्हता. तो बाकावरून येऊन काही मिनिटं खेळायचा. त्याच हंगामात एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा पहिल्यांदा आली. मॅराविचने त्या वर्षी लांबून १५ प्रयत्न केले आणि त्यातले १० यशस्वी ठरले. जी रेषा त्याच्या खेळासाठीच आखल्यासारखी होती, ती त्याच्या शेवटच्या हंगामात आली.

सेल्टिक्सने त्या मोसमात ६१ सामने जिंकले, पण बाद फेरीत फिलाडेल्फियाकडून हार पत्करली. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी पीटने निवृत्ती घेतली. एनबीएमध्ये १० हंगाम, ६५८ सामने, १५,९४८ गुण, सरासरी २४.२, पाच वेळा ऑल-स्टार. काही महिन्यांनी, १९८१ मध्ये, सेल्टिक्स विजेते झाले. अंगठ्या वाटल्या गेल्या तेव्हा त्यात त्याची नव्हती.

निवृत्तीनंतर तो कुठे गेला?

काही काळ जवळजवळ अज्ञातवासात. लहानपणापासून एकाच गोष्टीसाठी घडवलेला माणूस ती गोष्ट संपल्यावर काय करणार, हा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्याने बरंच काही करून पाहिलं. योग, हिंदू तत्त्वज्ञान, शाकाहार, उडत्या तबकड्यांचा नाद. १९८२ मध्ये तो ख्रिस्ती धर्माकडे वळला आणि तिथे त्याला स्थैर्य मिळालं. दारू सुटली. पत्नी आणि दोन मुलांसोबत तो लुइझियानात राहू लागला, मुलांसाठी बास्केटबॉलची शिबिरं घेऊ लागला. लहानपणी वडिलांनी करून घेतलेल्या 'होमवर्क'च्या व्हिडिओ कॅसेटही त्याने काढल्या.

प्रेस यांना कर्करोग झाला तेव्हा पीटने अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. एप्रिल १९८७ मध्ये ते गेले. त्याच वर्षी पीटचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि त्याचं आत्मचरित्रही प्रसिद्ध झालं. त्याचं नाव 'एअर टू अ ड्रीम', म्हणजे एका स्वप्नाचा वारस. स्वप्न कुणाचं होतं, हे त्या शीर्षकातच आहे.

मृत्यूचं कारण काय निघालं?

५ जानेवारी १९८८. एका रेडिओ कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणासाठी पीट कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला गेला होता. सकाळी एका चर्चच्या जिममध्ये काही जण हौसेखातर बास्केटबॉल खेळत होते. तोही त्यांच्यात उतरला. खेळ थोडा थांबला असताना गप्पा मारता मारताच तो कोसळला. वय ४०. वडिलांना जाऊन जेमतेम नऊ महिने झाले होते.

शवविच्छेदनात जे निघालं त्याने डॉक्टरही चक्रावले. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागतं. त्यासाठी महाधमनीतून दोन मुख्य रक्तवाहिन्या निघतात, डावी आणि उजवी. हृदयाच्या ज्या डाव्या कप्प्याला सगळ्या शरीराकडे रक्त ढकलायचं असतं, त्याला मुख्यतः डावी वाहिनी रक्त पुरवते. मॅराविचला ही डावी वाहिनी जन्मतःच नव्हती. उजवी वाहिनी मोठी होऊन दोघींचं काम करत होती.

सोप्या भाषेत सांगायचं तर दोन पाइपांवर चालायला हवी ती यंत्रणा ४० वर्षं एका पाइपावर चालली. घरात बसून नव्हे, तर कोर्टवर पूर्ण वेगाने धावत. शाळा, कॉलेज, एनबीएचे १० हंगाम, हजारो तासांचा सराव, आणि या सगळ्यात कुणाला शंकाही आली नाही. असा दोष असलेली व्यक्ती व्यावसायिक खेळाडू होणं तर दूरच, अनेकदा तिला धावपळही झेपत नाही. त्यामुळे ज्याला आपण पीटचा अकाली मृत्यू म्हणतो, त्याकडे डॉक्टर उलट्या बाजूने पाहतात. तो इतकी वर्षं इतका खेळला कसा, हे त्यांच्यासाठी मोठं कोडं होतं.

आज त्याचं काय उरलं आहे?

एलएसयूमध्ये 'काऊ पॅलेस'च्या जागी नवं बास्केटबॉल सभागृह उघडलं ते १९७२ मध्ये. पीटमुळे वाढलेल्या गर्दीने त्याची गरज निर्माण केली होती, पण विद्यार्थी म्हणून तो तिथे एकही सामना खेळू शकला नाही. मृत्यूनंतर त्याच वर्षी सभागृहाला त्याचं नाव देण्यात आलं. २०२२ मध्ये बाहेर त्याचा पुतळाही उभा राहिला.

एनबीएला ५० वर्षं झाली तेव्हा साखळीने आपले ५० सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. १९९७ मध्ये क्लीव्हलँडला त्यांचा सत्कार झाला. त्या ५० जणांत हयात नसलेला मॅराविच एकटाच होता. त्याच्या वतीने त्याची दोन मुलं तिथे आली होती.

मॅराविचला अंगठी मिळाली नाही म्हणून काही जण त्याला अपयशी ठरवतात, तर काही जण ४४.२ दाखवून वाद संपवतात. दोन्हीत अर्धीच गोष्ट येते. ते ३,६६७ गुण त्याच्या हातांनी केले, पण ते मिळवण्याचा आराखडा त्याच्या वडिलांचा होता. त्या आराखड्यात आईच्या एकटेपणाला, सहकाऱ्यांच्या नाराजीला आणि खुद्द पीटच्या इच्छेला फारशी जागा नव्हती. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने स्वतःची जागा शोधली. वडिलांना माफ केलं, त्यांची सेवा केली, आणि ज्या सकाळी त्याचं हृदय थांबलं त्या सकाळी कुणीही गुण मोजत नव्हतं. चर्चच्या जिममध्ये चार माणसांबरोबर तो फक्त मजेखातर खेळत होता.